खांदेकऱ्याची साक्ष

आपला सख्खा भाऊ वारल्याची बातमी आनंदरावांना त्यांच्याच वर्तमानपत्रात वाचायला मिळाली.

छापखान्याच्या यंत्राचे जादा रूळ नव्याने ओतून घ्यायला आणि कागद आणायला ते आठवडाभर पुण्याला गेले होते. परतीच्या वाटेवर सर्व्हिस मोटार नसरापूरला थांबली, तेव्हा चहावाल्याच्या खिळ्याला 'मावळदवंडी'चा अंक अडकवलेला दिसला. स्वतःचा अंक परक्याच्या नजरेने वाचायची त्यांना खोड होती, आणि तीही शेवटच्या पानापासून, कारण चुका नेहमी तिथे दडून बसतात. आधी त्यांना चौकटीचा एक कोपरा मोडलेला दिसला. अक्षरं जुळवणाऱ्या मधूला चार शब्द सुनवायचे असं त्यांनी मनात ठरवलं, आणि मग चौकटीतलं नाव वाचलं. 'विंझर येथील चिमाजी रखमाजी दारवटकर यांचे अल्पशा दुखण्याने देहावसान झाले.'

ही बातमी खोटी असेल असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. कारण दवंडीचा एक नियम होता आणि तो त्यांनीच घातला होता. ज्याने तिरडीला खांदा दिला त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मयताची बातमी छापायची नाही. पत्राच्या पहिल्याच वर्षी उत्रोलीच्या एका माणसाला त्यांनी ऐकीव गोष्टीवरून छापून मारलं होतं. माणूस धडधाकट होता, पण त्याच्या बायकोने मुंबईत गिरणीच्या चाळीत तो अंक वाचून घेतला आणि बांगड्या फोडल्या. पुढे ती बाई भोरला आली आणि भर बाजारात मोकळे हात आनंदरावांच्या तोंडापुढे धरून उभी राहिली. त्या दिवसापासून खांदेकरी भेटल्याशिवाय दवंडीत कुणी मेलं नव्हतं. मुंबईला असलेले मावळे दवंडीतली चौकट वाचून रजा टाकत, तार आली तरी आधी दवंडी बघू म्हणत. आनंदरावांना या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो त्यांना लपवताही येत नसे.

त्यांनी रूळ आणि कागदाचे गठ्ठे मोटारवाल्याच्या हवाली करून भोरला धाडले आणि स्वतः विंझरची वाट धरली. कानंदी नदीच्या काठी पोचेपर्यंत त्यांनी दम धरला. मग तिथल्या करंजाखाली ते बसले आणि पटक्याचा शेव तोंडात कोंबून ढसाढसा रडले. "छपाई ही आपल्या लोकांची कामं न्हवंत," असं म्हणून वडिलांनी, आबांनी त्यांना घराबाहेर काढलं, तेव्हा दादानेच पुण्याहून जुनं यंत्र स्वतःच्या गाडीत घालून आणलं होतं. कात्रजच्या घाटात बैल बसले, तेव्हा त्याने जुवाखाली स्वतःचा खांदा लावला होता. त्या खांद्याला आपण खांदा देऊ शकलो नाही, हे आनंदरावांना सहन होईना. बऱ्याच वेळाने त्यांनी नदीत तोंड धुतलं, पटका नीट बांधला आणि प्रकाशकाला शोभेल असा चेहरा करून ते पुढे निघाले.

घराच्या ओट्यावर दादा हरभऱ्याच्या भाजीशी भाकरी खात बसला होता.

"ये आनंदा," चिमाजी म्हणाला. "वाचलंस म्हन की."

अंगणात पाव्हण्यांची दाटी होती. मुंबईचा मावसभाऊ सावळाराम मिशा उतरवून आला होता आणि जित्या माणसापुढे बसायचं म्हणून उपरण्याने ओठ झाकत होता. ओटीच्या कडेला आनंदरावांची बायको फुलाबाई मान खाली घालून तांदूळ निवडत होती. नवरा आला तरी तिने वर पाहिलं नाही, तेव्हाच ते समजले की या भानगडीत हिचा हात आहे. इतक्यात चिमाजीची बायको ठकुबाई आतून धावत आली आणि नवऱ्यावर तुटून पडली. भावजी येस्तोवर मागल्या पडवीत दडून ऱ्हावा म्हणून किती येळा सांगितलं, तुमाला भुकंचा दम निघंना का, सगळ्यावर पानी फिरवलंत, असं ती बोलत राहिली. चिमाजीने भाकरीचा तुकडा मोडला आणि भाजीत बुडवला.

झालं होतं ते असं. दहा दिवसांमागे चिमाजी विहिरीवर उघड्या डोक्याने अंघोळ करत असताना त्याच्या डोक्यावर कावळा येऊन बसला. कावळा डोक्यावर बसला की माणसाचं भरत आलं असं मानतात, आणि त्याला उतारा एकच. माणूस मेल्याची खोटी वर्दी आप्तेष्टांना पाठवायची. ते रडले की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते दारातून परत जातं. ठकुबाईने ही रीत शब्दशः पाळली. गावच्या गाडीवानाबरोबर तिने भोरला जावेकडे सांगावा धाडला. वर्दी द्यायची ती दिराच्या घरी, बाकीच्यांची तिला फिकीर नव्हती, कारण तिच्या माहेरच्या समजुतीप्रमाणे सख्खं रक्त रडल्याशिवाय उतारा पुरा होत नाही. सांगावा वर्तमानपत्रात जाईल हे त्या माउलीच्या स्वप्नातही नव्हतं. आणि अंक निघाला त्या शनिवारी फुलाबाई रडत विंझरला पोचली, तर ठकुबाईने तिला शपथ घातली की आनंदराव येऊन रडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

ठकुबाई आता आनंदरावांपुढे येऊन उभी राहिली. या बाईच्या हातचं खाऊन ते वाढले होते. आबांनी घराबाहेर काढलं तेव्हा हिने चोरून भाकरी बांधून दिली होती.

"भावजी, खरं सांगा. वाचल्यावर डोळ्यांतून पानी आलं का न्हाई?"

आजूबाजूला वीसेक माणसं बसली होती. अंगारे-धुपारे, उतारे, नवस यांच्यावर ज्यांनी बारा वर्षं अग्रलेखांतून कोरडे ओढले, ते आनंदराव मधोमध उभे होते. "म्या कशाला रडू, वैनी?" ते म्हणाले. "म्या असल्या गोष्टींनी रडनाऱ्यातला हाय व्हय?"

ठकुबाईचा चेहरा उतरला. ती आत गेली. आपण आत्ता केवढं कोरडं बोललो ते आनंदरावांना कळलं, पण तोंडातून सुटलेला शब्द गिळायची त्यांना सवय नव्हती.

पाव्हणे एकेक करून उठले तसा चिमाजीचा मुलगा ज्ञानू पुढे आला. हा दवंडीतच बातम्या गोळा करायचं काम करी, आणि चुलत्याचा उजवा हात म्हणवून घेई. बातम्यांसाठी गावोगाव हिंडत असल्याने छपाईच्या दिवशी तो भोरला नव्हता. त्याने आणलेली खबर वाईट होती. जंगलाचा ठेका घेतलेल्या मानसिंगने वरच्या वाडीच्या झऱ्याला कुंपण घातलं होतं. वाडीच्या बायका दोन महिने अर्धा डोंगर उतरून पाणी नेत होत्या. आपण लहानपणापासून त्या झऱ्यावर वाडीच्या घागरी बघत आलो, असं चिमाजीने सांगितलं, त्यावर दवंडीने मजकूर छापला आणि प्रकरण मामलेदारांपुढे गेलं. सोमवारी चिमाजीची साक्ष होती. आणि कालच्या बाजारात मानसिंग अंक हातात नाचवत म्हणाला होता की ज्या पत्राला आपल्या घरचा मानूस जित्ता का मेला त्ये कळत न्हाई, त्याला झरा कुनाचा त्ये काय कळनार. ऐकणारे हसले होते. वाडीची माणसंसुद्धा त्यात होती, असं ज्ञानूने खाली बघत सांगितलं.

आनंदराव ओट्याच्या पायरीवर बसले. मोठमोठ्यांनी शिव्या दिल्या, जाहिराती काढून घेतल्या, तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. पण लोक हसले हे त्यांना झोंबलं. वर्तमानपत्र म्हणजे काही यंत्र नव्हे आणि कागदही नव्हे. चार माणसांनी "दवंडीत आलंय" असं म्हणून मान डोलवावी, एवढीच त्याची मिळकत. ती गेली तर यंत्र भंगारात घालायला मोकळं.

तेवढ्यात भोरहून मधू सायकल मारत आला. दवंडीचा जुळारी तो, आणि अर्धा व्यवस्थापकही. भोरच्या वकिलाचा हा मुलगा, बापाचा विरोध पत्करून आनंदरावांकडे टिकून होता. त्याने विंझरच्या माणसांना नमस्कार केला, आणि चिमाजीला जरा जास्तच वाकून केला.

"आनंदराव, दोष माझ्यावर घ्या," तो म्हणाला. "जुळणी करताना जुना मजकूर चुकून राहून गेला असं छापू. जुळाऱ्याची चूक लोक लगेच विसरतात."

ज्ञानूला ते पसंत नव्हतं. त्याच्या डोक्यात याहून सरस युक्ती होती. पानशेतकडचा कुणी दुसरा चिमाजी वारला, गावाचं नाव तेवढं चुकलं, असं छापावं. पानशेतकडे इथला कोण जाऊन बघतोय? फुलाबाईने पहिल्यांदाच मान वर केली आणि पुतण्याला दुजोरा दिला. तसं झालं तर आक्कांचं, म्हणजे जावेचं, नाव निघणार नाही, मधूभावजींचंही नाही, आपल्या घराचं हसं होणार नाही, असं ती घाईघाईने म्हणाली. ज्ञानूने मधूकडे विजयी नजरेने पाहिलं. तिघांची एक फळी झालेली आनंदरावांना स्पष्ट दिसली, आणि तिच्यामागे सगळ्यांची माया होती हेही दिसलं. त्यामुळेच त्यांचा संताप झाला.

"एक खोटं झाकायला दुसरा मानूस मारायचा व्हय?" ते म्हणाले. "म्हंजी पानशेतात कुनाच्या तरी घरी बांगड्या फुटायच्या. आन मधू, तू चूक केली न्हाईस, ती तुझ्या नावावर म्या का छापू? काय झालं त्येच छापायचं. दुसरं काय बी न्हाई."

"काय झालं ते कुणाला बघायचंय?" मधू हळूच म्हणाला. "लोक आक्कांना हसतील."

तेव्हा दारातून ठकुबाईचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली ते कुणाला समजलं नव्हतं. "मला हसू देत. मला त्याचं कायबी न्हाई," ती म्हणाली. "पर ती बातमी खोटी व्हती असं छापू नगा. उतारा पुरा झाला न्हाई अजून. मरान दारात हाय, त्येला तुमी हाक मारून सांगनार का, की बाबा, मानूस आत जित्ता बसलाय?"

आनंदरावांनी समजावून पाहिलं. सोमवारी साक्ष आहे, वाडीच्या पाण्याचा प्रश्न आहे, खुलासा नाही आला तर दादाचा शब्द कचेरीत कवडीमोल ठरेल. ठकुबाईने सगळं ऐकून घेतलं.

"साक्ष द्यायला मानूस जित्ता लागतो, भावजी. माझ्या बाच्या डोक्यावर कावळा बसला तवा आमी समदी हसलो. बा बी हसला. पंधरवड्यात त्याला नेला. तवा हसन्यात म्या बी व्हते."

आनंदरावांनी उताऱ्यांवर अनेकदा लिहिलं होतं, पण लिहिताना त्यांच्यापुढे कधी अशी बाई उभी नव्हती.

अनपेक्षितपणे फुलाबाई उठली. तांदळाचं सूप तिने बाजूला सरकवलं आणि जावेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आक्कांनी सांगावा मला धाडला हुता, छापखान्यात न्हाई," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "मधूभावजींनी इच्यारलं, खांदेकरी कोन? तर म्याच म्हनलं, घरच्या मयताला कसली आली साक्ष. त्ये मागंपुढं बघत व्हते, तरी म्या उभं ऱ्हाऊन अक्षरं जुळवून घेतली. छापायचं तर माझं नाव छापा. आक्कांचं न्हाई."

मघाशी हीच बाई पानशेतचा चिमाजी मारायला निघाली होती. आनंदरावांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांना तिचा राग येईना. चूक कुठे झाली ते आता त्यांना नेमकं सापडलं होतं. नियम परक्यांसाठी पाळला आणि घरासाठी मोडला. तिने मोडला खरा, पण चहावाल्याच्या दारात आपण तरी दुसरं काय केलं? भावाचं नाव वाचलं आणि खांदेकरी कोण हे विचारलंही नाही.

त्यांनी मधूकडून कागद-पेन्सिल घेतली आणि मांडीवर पाटी ठेवून लिहायला बसले. लिहिताना ते मोठ्याने उच्चारत, ही जुनी सवय होती. 'खुलासा. मागील अंकी विंझर येथील चिमाजी रखमाजी दारवटकर यांच्या देहावसानाचे वृत्त छापले ते असत्य आहे. हे गृहस्थ प्रस्तुत प्रकाशकाचे वडीलबंधू असून सुखरूप आहेत. प्रकाशकाच्या घरातील वर्दी म्हणून खांदेकऱ्याची साक्ष घेण्याचा आमचा नियम पाळला गेला नाही. हा दोष सर्वस्वी प्रकाशकाच्या घराचा व म्हणून प्रकाशकाचा आहे.'

फुलाबाईने डोळ्याला पदर लावला. ठकुबाई मात्र दारातच घट्ट उभी होती. तिला त्यातला एकही शब्द नको होता.

मग चिमाजीने हात धुतले. हा माणूस मुळात कमी बोले, आणि बोलला की घरातलं भांडण बहुधा संपत असे.

"आनंदा, नसरापुरास्नं गाडी मिळती. चालत का आलास?"

"सुचलं न्हाई."

"कागद दिलास धाडून मोटारीनं. एरवी कागदाच्या उशाला निजतोस." चिमाजीने भावाकडे निरखून पाहिलं. "डोळं बघ कसं झाल्यात. खोटं छापायचं न्हाई म्हनतोस. बोललं तर चालतं व्हय?"

आनंदरावांचे कान तापले. सबंध अंगणात आज एक माणूस खोटं बोलला होता, आणि तो नेमका पाटी मांडीवर घेऊन दुसऱ्यांना सत्य शिकवत होता. हे सगळं आताच संपवायचं असं त्यांनी ठरवलं. तोंडाने सांगणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते पुन्हा कागदावर वाकले. या वेळी त्यांनी मोठ्याने उच्चारलं नाही. लिहून झाल्यावर उठले, ठकुबाईसमोर गेले आणि वाचू लागले.

'सदर वृत्त प्रस्तुत प्रकाशकाने नसरापूर येथे स्वतःच्याच पत्रात वाचले व ते खरे मानले. वाचल्यावर कानंदीच्या काठी करंजाखाली बसून तो पुष्कळ वेळ रडला. घरी पोचल्यावर आपण रडलो नाही असे त्याने वडील वहिनींस सांगितले, तेही असत्य होते.'

ठकुबाईने दवंडीचाच नियम दिराला लावला. "कुनी बघितलं?"

"कुनी न्हाई, वैनी. नदीवर चिटपाखरू न्हवतं."

"मग खरं कशावरनं?"

आनंदरावांनी कागद पुन्हा डोळ्यांपुढे धरला. कात्रजच्या घाटात बैल बसले होते, असं ते सांगू लागले. दादाने जू खांद्यावर घेतलं, आणि त्या खांद्याला शेवटचा खांदा द्यायला मी नव्हतो एवढंच मनात येत होतं, असंही सांगायचं होतं, पण ते मध्येच अडलं. कागद हातात, पुतण्या समोर, जुळारी समोर, आणि दवंडीचे प्रकाशक भर ओट्यावर लहान मुलासारखे रडू लागले. चिमाजी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

ठकुबाईने ते पाहिलं. घाई न करता, खात्री पटेपर्यंत पाहिलं. मग तिने पदराने आधी दिराचे डोळे पुसले आणि नंतर स्वतःचे.

"झालं," ती म्हणाली. "गेलं दारातनं."

आनंदरावांचा उताऱ्यावर अजूनही विश्वास नव्हता. पण वहिनीच्या चेहऱ्यावरची दहा दिवसांची काळजी उतरलेली त्यांना दिसली, आणि तीही बातमीच होती.

"छापू का मग?" त्यांनी विचारलं.

"छापा. पर कुठं छापनार?"

"पैल्या पानावर. अग्रलेखाच्या जागी."

मधूने चमकून वर पाहिलं. एरवी खुलासे मागल्या पानावर, बारीक टाइपात देत. आनंदरावांनी त्याला कागद दिला आणि एक शब्दही न गाळता जुळवायला सांगितलं. शनिवारी पहाटे अंक निघायला हवा होता, आणि पहिले दोन गठ्ठे वरच्या वाडीला आणि मानसिंगच्या दारात पोचायला हवे होते. ते मी सोता नेतो, असं ज्ञानू म्हणाला. पानशेतच्या चिमाजीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

"रडल्याचं काढू का?" मधूने सायकलीवर टांग टाकताना विचारलं. "मानसिंग तेवढंच वाचून दाखवील बाजारात."

"दाखवू दे," आनंदराव म्हणाले. "जो आपल्या रडन्याचं बी खरं छापतो, त्यो झऱ्याचं खोटं छापंल का, इतकं वाडीतलं पोर बी समजंल."

मधू गेला. चिमाजी आपल्या जागी परत बसला आणि म्हणाला की सोमवारी कचेरीत जायचं तर पटका धुवायला टाकायला हवा. ठकुबाई आत गेली ती ताट घेऊन बाहेर आली. सकाळपासून उपाशी असलेल्या दिरापुढे तिने भाकरी ठेवली, भाजी वाढली, आणि भाकरीवर गुळाचा भला मोठा खडा ठेवला.

"ह्ये कशाला, वैनी?"

"सुतक फिटलं न्हवं," ठकुबाई म्हणाली. "सुतक फिटल्यावर त्वांड ग्वाड करत्यात."

आनंदरावांनी खडा फोडला आणि अर्धा भावाच्या हातावर ठेवला.